सुरक्षा प्रश्न

चिचटोल्याच्या फाट्यावर, सायकल दुरुस्तीच्या मागच्या खोलीत
माझं ऑनलाइन सेंटर. एक प्रिंटर, एक टेबलपंखा,
आणि दोनशे पानी रजिस्टर, वर वर्तमानपत्राचं कव्हर.
गावाच्या सगळ्या पासवर्डांची किल्ली त्यात.
"तूच ठेव व करिश्मा, माह्याजवळून हरपते,"
म्हणून ठेवून गेलेली.

तेव्हा कंपनी खातं उघडताना विचारायची,
पासवर्ड विसरलात तर तुम्हाला ओळखायचं कसं?
खाली यादी. निवडा एक प्रश्न.

तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?
सुकरू नान्हे बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले.
"पाळीव नोको म्हणू. हल्या होता.
चिखलणीच्या दिवसात बोडीत उतरला, तो वर नाही आला.
सरदार म्हणत होतो त्याले."
मी लिहिलं, सरदार.
कंपनीने हिरवी खूण केली.
तिला तेवढं पुरलं.

आईचं माहेरचं आडनाव?
पुस्तकलाबाई हसतच सुटली.
"माय होती ते, तिले आडनाव कोन विचारते!"
मग मामाच्या पोराला फोन, त्याने आणखी कोणाला,
दिवेलागणीला बिडीचे कट्टे मोजताना निरोप आला.
तिने ते आडनाव दोनदा उच्चारून पाहिलं,
दुकानात नवी चप्पल
पायात घालून पाहावी तसं.

पहिलं वाहन?
डोंगा चालते का?
चालते.

मंसाराम मारबतेने प्रश्न स्वतःच दाखवला, बोटाने,
लहानपणीचा जिवलग मित्र.
नाव इतक्या हळू सांगितलं की मी पंखा बंद केला.
बाईचं नाव होतं.
"कंपनीवाले कोनाले सांगत तं नाही ना?"
नाही.
"अन् तू?"
मी कीबोर्डवरची धूळ फुंकली.

पुढच्या आठवड्यात तीच बाई आली, नातवाच्या फॉर्मसाठी.
माझा माउस त्याच प्रश्नावर थांबला.
मुद्दाम नाही. थोडा मुद्दाम.
"तो नोको," ती म्हणाली, "दुसरा घे."

मग एक दिवस कंपनीचं पत्र.
प्रिय वापरकर्ते, आम्ही अधिक सुरक्षित होत आहोत.
सुरक्षा प्रश्न यापुढे उपलब्ध नसतील.
खाली सही नाही, नुसतं "आपलीच टीम".
आता मोबाईलवर सहा आकडे येतात,
दहा मिनिटांत शिळे होतात.
अंगठा ठेवा. पुसून ठेवा. दुसरं बोट ठेवा.
पुस्तकलाबाईच्या बोटांवरच्या रेघा
तंबाखू अन् पानांनी कधीच्या नेल्या.
मग चेहरा दाखवा, डोळे मिचकवा.
ती मिचकवते, फोटोवाल्यापुढे लाजावं तशी.
विचारत कोणी काहीच नाही.

सुकरू मात्र सेंटरवर यायचे, काम नसतानाही.
"कंपनीले मालक असंन ना कोनी?"
असंन.
"येकडाव इकडे आला असता तं
बोडी दाखवली असती त्याले."

रजिस्टर फाडून टाकायला हवं, नियमाने.
प्रिंटरच्या खाली सरकवून ठेवलंय.
वाळवी लागेल तेव्हा लागेल.

परवा निकेश आला, सुकरूंचा धाकटा.
डोक्यावरचे केस अजून उगवायचे होते.
"बाबाचं खातं बंद कर."
बंद करायलाही फॉर्म आहे.
कारण निवडा: सेवा आवडली नाही, दुसरी सेवा वापरतो,
फार ईमेल येतात, इतर.
मी इतर निवडलं.
चौकट उघडली. अधिक माहिती द्या, ऐच्छिक.

लिहिलं, सरदार.

"हे काय लिहिलं?" निकेश म्हणाला.
लिहू दे, म्हटलं.
कंपनीले माहीत आहे.