मोतिया ठिपका

फुलेवाडीत आमच्या आणि मगदूम अण्णांच्या मधे
छातीएवढी भिंत, भिंतीवर एकच वेल.
मूळ माझ्याकडं, शेंडा त्यांच्याकडं.
भोपळा कुठं धरेल ते भोपळ्यालाच ठाऊक.

माघात लावलेला. पाचव्या पानालाच लाल भुंगेरे आले,
सोललेल्या मसुराएवढे, तसल्याच रंगाचे.
चार दिवसांत पानांची चाळण.

मी बावड्याच्या गुऱ्हाळावरनं राख आणते, पोतंभर.
पहाटे, दव वाळायच्या आत,
जुन्या बनियनमधनं चाळून वेलावर मारायची.
पानं अशी पांढरी पडतात की दूधवाला म्हणतो,
"वैनी, वेलाला पावडर लावून कुठं धाडताय?"

राखेनं निम्मे जातात.
उरलेल्यांसाठी डालड्याचा डबा, तळाला साबणाचं पाणी.
पहाटे गारठ्यानं भुंगेरे जड असतात, उडत नाहीत.
पानाखाली डबा धरायचा, पानाला टिचकी मारायची.
टप.
टप.
आवाज बारीक असतो, पण भिंतीपलीकडं पोचतो.

अण्णा कधी काही बोलले नाहीत.
त्यांचं जेवण दिवस मावळायच्या आत,
मग सोप्यातला दिवासुद्धा बंद, पाखरं येतात म्हणून.
माझ्या वांग्यांवर मात्र रात्रभर बल्ब,
खाली घमेलं, पाण्यावर रॉकेलची साय.
एकदा त्यांनी भिंतीच्या त्या टोकाला टॉवेल वाळत घातला.
तो तिथंच राहिला. महिनाभर.

मग एका रविवारी भिंतीवरनं हात आला.
"वैनी, नखाला लावायचा रंग हाय काय ओ घरात?"
मला वाटलं, नातीला हवाय.
होती एक बाटली, मोतिया, भाचीच्या लग्नातली,
निम्मी वाळलेली. उन्हात धरून पातळ केली, दिली.

नातीला नव्हताच.
चिवड्याच्या बरणीत भुंगेरे, चष्मा कपाळावर,
आणि काडेपेटीच्या काडीनं अण्णा
एकेकाच्या पाठीवर एकेक ठिपका देत बसलेले.
"बालिंग्याच्या पुलापलीकडं सोडतो, सायकलीवरनं.
परत येतात का बघू.
न्हाई आले, तर तुमाला डब्याची गरजच न्हाई."

एकोणतीस. कॅलेंडरवर पेन्सिलीनं आकडा.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या रव्यांवर आकडे टाकलेला माणूस,
मोजल्याशिवाय त्याला दयाही करता येत नाही.

मी मनात हसले. त्या गुडघ्यांनी बालिंगा होतंय होय?
रिंगरोडला वळून पहिल्याच उसात ओतले असणार.
तरी त्या आठवड्यात टिचकी मारायच्या आधी
मी पाठी बघायला लागले.
लाल. लाल. टप.
लाल. टप.

बुधवारी, उजाडल्यावर, डबा पालथा करताना
फेसात दोन ठिपके दिसले.
जागच्या जागी. एक कणही हललेला नाही.
पहाटे साडेपाचला काय दिसणार होतं मला?
सगळं आळ्यात ओतलं आणि पायानं वर माती ओढली.

शनिवारी तिसरा आला.
ऐन पिवळ्या फुलात, पाठीवर लग्नातला मोतिया घेऊन,
निवांत खात बसलेला.
डबा हातातच होता.
मी तो खाली ठेवला, भुंगेरा काडेपेटीत घातला,
पेटी भिंतीवरनं पुढं केली.

अण्णांनी ती कानाशी धरली.
प्रयोग फसला होता त्यांचा,
आणि चेहरा मात्र असा, की गावाकडनं कुणी पाव्हणा आलाय.
"आला की ओ! एवढ्या लांबनं!
कितवा ह्यो?"

"पहिलाच," म्हणाले मी.

एकोणतिसाखाली त्यांनी एक लिहिला,
वजाबाकीची रेघ ओढली.
मी पाठ फिरवून राख चाळायला लागले,
ऊन डोक्यावर आलेलं असताना,
राख पानाला चिकटतसुद्धा नाही अशा वेळी.