सातवा नाही

कॉलेजच्या मागच्या जिन्याखाली आहे हे म्युझियम.
किल्ली व्यंकटय्या बोद्धूलांकडे,
आणि ते जेवायला गेलेले.
साडेतीनला आले. मिशीला शेंगाचटणी.

ट्यूब दोनदा अडखळून लागली.
'भीमेत मिळाला. वाळूवाल्यांना वाटलं,
जुनं जातं आहे कुणाचं तरी.
एक उन्हाळा ट्रॅक्टरच्या चाकाला उटी होता.'

हत्तीचा दात. हत्तीच्याही आधीच्या कुणाचा तरी.
वर आडव्या कडा, एकीला एक लागून,
टाकी घातल्यासारख्या.
मी म्हटलं, चौदा.
'तेरा. चौदावी ती चीर.'
बत्तीस वर्षं मागावर ताणा मोजलेला माणूस;
मी पुन्हा मोजलं नाही.

राजसीनं काचेला नाक लावून विचारलं,
'याला काय झालं होतं?'

मागाच्या खडखडाटात गेलेले त्यांचे कान.
त्यांना ऐकू आलं, हा काय खायचा.
'गवत!' ते ओरडलेच. 'नुसतं गवत. नदीकाठचं.
दात झिजला की मागून दुसरा सरकायचा पुढं.
असं सहा वेळा.
सातवा नाही.'

तिनं जिभेनं चाचपली
कालच्या दुधाच्या दाताची खिडकी.
व्यंकटय्यांनी रुमालानं काच पुसली,
तिच्या नाकाचा ठसा तेवढा ठेवून;
मुद्दाम, की दिसला नाही, कळलं नाही.

बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
रिक्षात ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.
'बाबा, तुझा हा कितवा चालू आहे?'

पार्क चौकात सिग्नल लागला होता.