कोण लागते

फॉर्मवर जागा बोटभर:
रुग्णाशी नाते.
पहिल्या दिवशी मी लिहिलं, मैत्रीण.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सगां जोईए, बेन."
दुसऱ्या दिवशी लिहिलं, बहीण.
ते सुरतेहून आलेल्या धैर्यशीलनं खोडलं,
माझंच पेन मागून घेऊन,
आणि इतकंच म्हणाला,
"आम्हाला बहीण एकच आहे."

खोटं नव्हतं त्याचं.

तेव्हापासून मी तिसऱ्या मजल्यावर,
काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर.
पास एक. वेळ चार ते पाच.
पास धैर्यशीलच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे.

दारावरचा राठवा रोज विचारतो,
"ए तमारां शुं थाय?"
काय होते ती तुमची.
सव्वीस वर्षं दांडिया बाजारात राहून
मला गुजरातीत भाव करता येतो, भांडता येतं,
शेजारच्या पोरांना झोपवता येतं,
एवढं उत्तर येत नाही.
मराठीत तरी कुठे.
कोण लागते?

ठेच लागते.
थंडी लागते.
दूध पातेल्याला लागतं, मी खिडकीत उभी राहिले की.
उचकी लागते, आणि निरुपमा म्हणते, पाणी पी,
तुझी आठवण काढणारी इथेच बसलीय.
तिला पाचला चहा लागतो,
आलं ठेचून, साखर अर्धा चमचा.
मला ती कुशीवर वळल्याशिवाय
डोळा लागत नाही.
यातलं काय लिहू बोटभर जागेत?

तीन दिवस ती गुंगीत होती.
चौथ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले.
"शुद्ध आलीय. डोळे उघडतात.
पण हाकेला ओ देत नाहीत."
धैर्यशील भिंतीकडे तोंड करून रडला.
मला त्याची दया यायला नको होती. आली.

मग मी पर्स उघडली.
लिमलेटच्या गोळ्यांची जुनी डबी,
आत कापसात तिचं कानाचं यंत्र,
अँब्युलन्समध्ये मीच काढून ठेवलेलं.
सेल नवा, खालच्या दुकानातून आणलेला.
"अहो, तिला ऐकूच येत नाही याच्याशिवाय.
विश्वामित्री घरात शिरली त्या वर्षापासून."

भावाला कुठून ठाऊक असणार.
तिनं घर सोडलं तेव्हा
तिला दोन्ही कानांनी सगळं ऐकू येत होतं,
स्वयंपाकघरात हळू आवाजात चाललेलंसुद्धा.
नंतर दर भाऊबीजेला फोनवर ती मोठ्यानं बोलायची,
आणि तो समजायचा, अजून भांडतेय.

डबी मी त्याच्यापुढे धरली.
त्यानं हात पुढे केला नाही.
कुंदावहिनीनं घेतली. नवऱ्याच्या खिशातून
पासही तिनंच काढला.
"कुठला कान?"
"डावा. छोटं चाक अंगठ्यानं वर.
शिट्टी वाजली तर नीट बसलं नाही समजा."

दार उघडलं, मिटलं.
माझ्या हातचा सेल आत गेला.
गोळ्यांची डबी आत गेली.
मी आणि धैर्यशील एका बाकावर राहिलो,
मध्ये त्याची पिशवी.
आतून शिट्टी ऐकू येतेय का, म्हणून
मी कान देत होते. तोही, बहुतेक.

वहिनी आली ती घाम पुसत.
"बोलल्या."
"काय?" धैर्यशील उठलाच.
तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.
माझ्याकडे पाहत, शब्द चुकू नये अशा बेतानं म्हणाली,
"विचारतायत, गॅस बंद करून आलीस का."

आलीस.
कुणाला, ते बाकावर कुणी विचारलं नाही.
राठवानं घड्याळाकडे पाहिलं,
पाचला सात कमी, आणि उगाच
दाराची मूठ फडक्यानं पुसत राहिला.
वहिनीनं पास पिशवीवर ठेवला,
त्याच्याजवळही नाही, माझ्याजवळही नाही,
आणि पाणी प्यायला गेली.

मी उठले नाही लगेच.
चार दिवसांपूर्वीचं ते स्वयंपाकघर,
ती फरशीवर, माझे ओले हात, शेगडी.
खरंच, मला आठवेना.