त्रेसष्टावी पाटी

महासंघाचं बातमीपत्र तीन महिन्यांनी निघतं,
सोळा पानी, गुळगुळीत कागदावर.
बातम्या मी लिहिते, फोटो मोबीन काढतो,
कौतुक सोमपुरासाहेब स्वतःचं स्वतः भरतात.

यंदाची वार्षिक सभा बडोद्यातच होती,
अकोट्याच्या हॉलमध्ये. आदल्या रात्री
दांडिया बाजारातल्या घरी जेवणाच्या टेबलावर
मी पुठ्ठ्याच्या पाट्या दुमडत बसले.
मधोमध घडी घातली की नगरपालिका उभी राहते.
त्रेसष्ट झाल्या. मग राजपत्र आठवलं
आणि वेळुपुऱ्याची बाजूला काढली.

वेळुपुरा शुक्रवारपासून नाही.
म्हणजे आहे, घरंदारं, गुरंढोरं जागच्या जागी आहेत,
फक्त महानगरपालिकेत विलीन झालं,
दुधात साखर तसं, असं उद्घाटनाच्या भाषणात होतं.
पुठ्ठा चांगला होता.
कोऱ्या बाजूवर मी वाण्याची यादी लिहिली.

सकाळी दीपप्रज्वलन. वात धरेना, पंखे बंद करावे लागले.
ठराव एक: दिवाबत्तीची थकलेली बिलं.
ठराव दोन: मोकाट गुरं, गेल्या सभेवरून पुढे.
तिसरा वाचत असताना दार उघडलं
आणि एक बाई आत आल्या,
खांद्यावर, बंदूक धरावी तशी,
लोखंडी सळई, वर आडवी मूठ.

"पागेबेन, मारी तख्ती?"

कपिलाबेन ठाकरडा. वेळुपुऱ्याच्या अध्यक्षा.
मी म्हटलं, बेन, तुमची...
पुढचं वाक्य मला दोन्ही भाषांत सुचेना.
पर्समधून पाटी काढून त्यांच्यापुढे उभी केली.
व्यासपीठाकडे वेळुपुरा नगरपालिका,
त्यांच्याकडे तूरडाळ दोन किलो, पोहे, साबण.

ती टाकीच्या वाल्वची चावी होती.
महानगरपालिकेत तीन टेबलं फिरून आलेली.
पाणीपुरवठा म्हणाला, ही मालमत्ता, तिकडे द्या.
मालमत्ता म्हणाली, यादीत नाही.
आवक-जावकवाल्याने वजन विचारलं.
म्हणून महासंघ. तुम्ही तर सगळ्यांचे ना?
साहेबांनी घटना चाळली, पान अकरा, पान बारा.
चावी स्वीकारण्याची तरतूद नव्हती.
सभासदत्व शुक्रवारीच संपलेलं,
वर्गणी परत करण्याचीही तरतूद नव्हती.

त्या भांडल्या नाहीत.
उत्कृष्ट सांडपाणी पुरस्काराला टाळ्या वाजवल्या,
सगळ्यांत जोरात, गंजाने तांबूस झालेल्या हातांनी.

जेवणात उंधियो. मी विचारलं, चावी इथे,
मग गावात पाणी?
"सकाळी सोडलं. आता साडेपाचला.
चारची बस चुकली तर पंचाईत."
वाल्ववाला रावजी?
त्याचं नाव कुठल्याच पगारपत्रकात नाही,
तो डाकोरला बहिणीकडे निघून गेला.
म्हणजे त्या चावी द्यायला आल्या होत्या
आणि कुणी घेतली असती तर अडचण झाली असती.
पुऱ्या रुमालात बांधत म्हणाल्या,
"तूर मात्र आमच्याकडची घ्या. लवकर शिजते."

मोबीनने बासष्ट जणांना पायऱ्यांवर उभं केलं.
प्रूफ आलं तेव्हा मोजले, त्रेसष्ट.
उजव्या कडेला अर्धी बाई, अख्खी चावी.
साहेब म्हणाले, कापा.
मी म्हटलं, कापलं तर शेजारच्या उपाध्यक्षांचा कान जातो.
कान ठेवावा लागला.
मथळा नेहमीचा: वार्षिक सभा उत्साहात संपन्न.

पाणी आलं की नाही
हे छापायची आमच्याकडे पद्धत नाही.
पण त्या संध्याकाळी, पावणेसहाला,
मी डाळ धुता धुता फोन लावला होता.
घंटा वाजत राहिली, वाजत राहिली.
बहुधा
हात ओले असतील.