उंदीर नव्हता

वास आधी आला,
चार दिवसांआडचं पाणी सुटलं त्या पहाटे,
नळाला घागरी लागायच्याही आधी.
गाजुल म्हणाले, उंदीर.
बोल्लींची सून म्हणाली, घूस असणार, वास मोठा आहे.
पत्रे हलवले, मोरीत फिनेल ओतलं,
मागाच्या शेडमधला पोरगा काठी घेऊन गटारात वाकला.
शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या दाराकडे पाहिलं.

नरसम्मा तेवढी ओट्यावर, मांडीवर सूप,
विड्या वळत बसलेली.
चाळीस वर्षांच्या तंबाखूनं नाक मिटलेलं तिचं,
दूध करपलेलं कळत नाही.
"मला तर काहीच नाही," म्हणाली,
"पण माशा बघा की कुठं चालल्यात."

माशांच्या मागून आम्ही गेलो.
तोडलेल्या कडुलिंबाचा बुंधा,
त्याच्याशी तिनंच वर्षानुवर्षं टाकलेली तेंदूच्या पानांची कात्रणं,
थरावर थर, काळी पडलेली,
वरून पिंपाचं सांडलेलं पाणी.
फरशी तडकवणाऱ्या सोलापुरात
वीतभर जागा कायम ओली, आतून कोमट.
त्यात परतीचा पाऊस, सलग दोन रात्री.

एक मऊ अंडं फाटलेलं.
त्यातून देठ वर आलेला, पोकळ, स्पंजासारखा,
बायकांनी मान फिरवावी अशा आकाराचा,
आणि टोकावर हिरवट काळी राड, काकवीसारखी चिकट.
बोल्लींची सून पदराआड हसली.
"कुत्र्याची छत्री," गाजुल म्हणाले.
"छत्री कुठाय?" पोरगा म्हणाला.
चहा होईस्तोवर देठ पेरभर वाढला.

माशा बसत, पाय माखून घेत, उडत.
कुणाच्या भाकरीवर, कुणाच्या ओल्या सरपणावर.
ह्याचं बी वाऱ्यावर जात नाही म्हणे.

नरसम्मा उकिडवी बसली, अगदी जवळ,
दुसऱ्या कुणाला तिथं बसवलं नसतं.
नाक टेकवलं. नाही.
रागावल्यासारखं पुन्हा टेकवलं.
गाजुल फावडं घेऊन आले.
"राहू दे," म्हणाली,
"गिऱ्हाईक आलंय त्याचं. माल संपू दे."

दुपारी टोक चाटून पुसल्यासारखं पांढरं.
देठ आडवा. माशा नाहीत, वासही नाही.
कारखान्यात हजार विड्या मोजून देऊन ती आली,
सुपातली कात्रणं घेऊन मागं गेली,
मला हाक मारली.
कात्रणं टाकता टाकता,
माझ्याकडं न बघता म्हणाली,
"कसा होता गं वास?
नीट सांग."