गाठ

लहानू खोब्रागडे, रिटायर हवालदार,
द्रासचा बर्फ अजून कमरेत घेऊन
तलावाच्या पाळीवर येतो.
गोळ्यांची पिशवी घरी, खुंटीला.

सुकरू ढिवर विचारत नाही, कुठं दुखते.
नुसती जाळ्याची सुई हातात देतो:
"हे भोक मोठं झालं ना बावा. बांध."

पहिल्या दिवशी तीन गाठी.
दोन सुटल्या.

आता रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभा राहतो,
श्वास मोजतो, पहाऱ्यावर रात्र मोजायचा तसा.
दुखणं जात नाही.
जरा बाजूला सरकून बसतं,
बिडी मागतं.

काल पार्बताला जाग आली.
हा झोपेत बोटं हालवत होता.
आधी तिला वाटलं, ट्रिगर.
कंदील जवळ नेला:
गाठ.
सैल होती, पण गाठच.