उन्हात वायपर

कडक उन्हात वायपर फिरवत गाडी आली
की मी जॅक बाहेर काढून ठेवतो.
परदेशी हात. वळायचं असतं उजवीकडं,
बोटांना सापडते भलतीच दांडी,
आणि कोरडी काच करकर पुसली जाते
जांबोटीच्या फाट्यावर, फेब्रुवारीत.

ही लाटवियाची होती. इल्झे.
गोव्यात गाडी भाड्यानं घेतली, बदामीला निघालेली.
चोर्ल्याचा घाट चढून आली तोवर ठीक.
कणकुंबीच्या अलीकडं डांबराची कड तुटलीय,
समोरून लाल बस आली,
ती घाबरून आपल्या देशाच्या बाजूला गेली,
मग आमच्या बाजूला,
मग कुणाच्याच नाही अशा बाजूला.
टायरचा गाल फाटला, वीतभर.

स्टेपनी काढताना तिनं पाटीकडं बोट केलं.
काय लिहिलंय?
मी वाचलं : निधान.

आता हे कसं सांगायचं गा.
कानडीत निधान म्हणजे सावकाश.
माझ्या घरच्या भाषेत निधान म्हणजे पुरलेलं धन.
आणि एक काना गळला,
गंजानं म्हणा, कुणाच्या दगडानं म्हणा,
तर निधन.
पाटीच्या भाषेवरून इथं मोर्चे निघाले.
खड्ड्यावरून निघालेला मला तरी आठवत नाही.

मी नुसता तळहात खाली दाबला, दोनदा,
पोराला थोपटतात तसा.
ती म्हणाली, स्लो.
मी म्हणालो, हां, तेच.

मष्णू तीन सीझन गोव्यात हॉटेलात होता,
त्याला बसवला मध्ये.
सांग तिला,
समोरच्यानं लाइट मारली तर तुझ्या गावात म्हणत असतील ‘ये’,
इथं म्हणजे ‘मी आलो, तू थांब’.
ट्रकच्या डाव्या खिडकीतून हात हलला तर जा,
पण हात क्लीनरचा असतो, आणि तोही रात्रीचा जागा.
बेळगावच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर.
मागं दिवा नसतो. गाणं असतं, मोठ्यानं.
गाणं ऐकू आलं की ब्रेक.
म्हैस बघत नाही.
अंधाराच्या आत मुक्काम गाठ.

ती वहीत लिहीत होती. मध्येच थांबली.
आणि वाटेत ती झाडाची फांदी?
मी पाना खाली ठेवला. काय केलंस तिचं?
वरून गेले, म्हणाली. वाऱ्यानं पडली असेल.

पडलेली नव्हती बाई. टाकलेली होती.
ऐनाची, करवंदीची, जी हाताला लागेल ती.
पुढच्या वळणाआड कुणाचा तरी अ‍ॅक्सल तुटलाय,
एवढंच ती म्हणते.
तिला ना कानडी येतं, ना मराठी.

मष्णूनं ते सांगितलं तेव्हा
ती बराच वेळ आलेल्या वाटेकडं बघत राहिली.
मग म्हणाली, होता. ट्रक होता.
मी शेवटच्या क्षणाला पाहिला.

माझा भाचा सोमनिंग मस्कतला ट्रेलर चालवतो.
पहिला महिना त्याचाही वायपर फिरायचा, वाळवंटात.
फोनवर हसत सांगत होता.
तिकडं फांदी कशाची टाकतात
हे विचारायचं माझं राहून गेलं.

नट आवळले. चहाचे पैसे मी घेतले नाहीत.
वळणावर तिची गाडी दिसेनाशी होताना
आधी वायपर, मग इंडिकेटर.

संध्याकाळी मी आणि मष्णू कणकुंबीकडं गेलो.
ट्रक नव्हता. दुरुस्त होऊन गेला असणार.
तेलाचा डाग होता, चेंगरलेली फांदी होती,
आणि चाकाला लावलेले दोन दगड
रस्त्याच्या मधोमध तसेच,
अजून ट्रक धरून ठेवल्यासारखे.

एक मी उचलला, एक मष्णूनं.
दिवसभराचं ऊन होतं त्यांच्यात.
घाटाच्या अंगाला
कुणाची तरी लाइट वळणं चढत होती.